लिसाला नांगर लावू नये

इसवी सन ६४८ मध्ये आयर्लंडच्या ईशान्य टोकाला कुणीतरी ओकचं एक झाड पाडलं, तासलं आणि त्याची चौकट करून आपल्या कुडाच्या घराला बसवली. घरमालकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. चौकट मात्र राहिली. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्रिस लिन यांनी अँट्रिम काउंटीत, ग्लेनार्मजवळच्या डिअर पार्क फार्म्स या जागी, मातीचं एक टेकाड खणायला घेतलं. टेकाडाच्या तळाशी कायमची ओल होती. तिथे हवा पोचत नसल्याने लाकूड कुजलंच नव्हतं. चौकट सापडली आणि लाकडातल्या वर्तुळांवरून झाड तोडल्याचं वर्षही नेमकं काढता आलं.

चौकटीच्या आत घर होतं. हेझलच्या लवचिक काठ्या टोपलीसारख्या विणून केलेला कूड, तोही दुहेरी. एक बाहेर, एक आत, आणि मधल्या पोकळीत थंडी अडवायला ठासून भरलेला पाला. मधोमध चूल. भिंतीलगत बारीक डहाळ्यांची अंथरुणं. निळा रंग काढायच्या वनस्पतीच्या शेंगा. आणि मातीत मिसळलेल्या माणसांच्या उवा. या उवा मला फार मोलाच्या वाटतात. त्या काळातल्या राजांच्या आणि संतांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. शेतकऱ्याच्या घरातली झोपायची जागा तेराशे वर्षांनी अशी डोळ्यांसमोर येणं दुर्मीळ आहे.

या घराभोवती मातीचा गोल बांध होता आणि बांधाबाहेर चर. असे गोल वेढे आयर्लंडच्या बेटावर सुमारे ४५,००० नोंदले गेले आहेत. सरासरी काढली तर दर दोन चौरस किलोमीटरला एक. इंग्रजीत त्यांना ‘रिंगफोर्ट’ म्हणतात आणि ‘फोर्ट’ या शब्दाने वाचकाची दिशाभूल होते. आपल्या डोळ्यांपुढे बुरूज आणि तोफा येतात. प्रत्यक्षात बहुतेक वेढ्यांचा व्यास जेमतेम ३० मीटर. त्यात एखाददुसरं राहतं घर, एखादी कोठी, थोडं अंगण. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर हा किल्ला नव्हे, ही शेतकऱ्याची छोटी गढी.

आयरिश भाषेत त्यांना दोन नेमकी नावं होती. मातीचा जो बांध घालायचा तो ‘राथ’, आणि बांधाच्या आत जी मोकळी जागा उरायची ती ‘लिस’. पश्चिमेकडच्या खडकाळ मुलखात माती कमी, दगड उदंड. तिथे बांधाऐवजी गडगा रचत आणि त्याला ‘कॅशेल’ किंवा ‘काहेर’ म्हणत. रॅथमाइन्स, रॅथफार्नम, लिझमोर, लिस्टोवेल, काहेरसिवीन ही आजची गावं आणि उपनगरं त्याच शब्दांवरून आली आहेत.

हे वेढे आले कुठून? त्यांतले बहुतेक सहाव्या शतकाच्या अखेरीपासून दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या तीनेकशे वर्षांत बांधले गेले. दलदलीच्या थरांत अडकलेल्या परागकणांवरून दिसतं, की त्याआधीच्या दोनतीन शतकांत बेटावरचं रान झपाट्याने कमी होत गेलं आणि गवताची कुरणं वाढली. नांगर सुधारले. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आला, त्याच्याबरोबर लिपी आणि ग्रंथ आले. पण खरा बदल गोठ्यात झाला. लोक गाय दुधासाठी पाळू लागले, आणि दूध, दही, लोणी, चीज हे उन्हाळ्याचं मुख्य अन्न झालं. बर्फ फारसं न पडणारा, बारमाही ओला, हिरवागार मुलूख. गुरांना वर्षभर बाहेर चरता येत होतं. अशा ठिकाणी गाय ही संपत्ती झाली नसती तरच नवल.

आयरिशमध्ये गाईला ‘बो’ म्हणतात. आपल्या ‘गो’चं ते सख्खं भावंड, मूळ एकच. रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, तो शब्द गाईवरून आलेला; मुलग्याला ‘बुअखल’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ गुराखी. नाणी पाडत नव्हते. दंड, हुंडा, कर्ज, माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत, सगळं दुभत्या गाईंत मोजलं जाई. गाईपेक्षा मोठ्या एककाचं नाव होतं ‘कुमल’ आणि त्या शब्दाचा अर्थ होता दासी. हिशेबाच्या भाषेतच गुलामगिरी बसलेली होती, हे विसरता येत नाही.

इसवी सन ७०० च्या सुमाराला कुणा कायदेपंडिताने ‘क्रीथ गवलाख’ नावाचा ग्रंथ लिहिला. समाजात कुणाची पायरी कोणती आणि त्या पायरीच्या माणसाकडे काय काय असायला हवं, याची ती यादी आहे. मला विचाराल तर या वेढ्यांत शिरायचं दार हाच ग्रंथ. स्वतंत्र शेतकऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस ‘ओकारे’. त्याच्याकडे सात गाई, सात डुकरं, सात मेंढ्या आणि एक घोडा. घर १९ फुटांचं, जोडीला १३ फुटांची कोठी. अख्खं औत मात्र त्याच्याजवळ नाही. एक बैल, एक फाळ, एक पराणी, एक दावं एवढा चौथा हिस्सा त्याचा. उरलेले तीन हिस्से शेजाऱ्यांचे. सावड केल्याशिवाय त्याचं शेत नांगरलं जाणार नाही. त्याच्या वरचा तो ‘बोआरे’, शब्दशः गाईवाला. त्यातल्या सधन माणसाकडे वीस गाई, दोन वळू, सहा बैल, वीस डुकरं, वीस मेंढ्या, २७ फुटांचं घर. त्याच्या घरात तीन पोती कायम भरलेली हवीत, असं ग्रंथ सांगतो: एक बार्लीच्या माल्टचं, एक समुद्रमिठाचं आणि एक लोहारकामाच्या कोळशाचं. मद्य, खारवलेलं मांस आणि लोखंडी अवजारं, तीन पोत्यांत वर्षाचा संसार.

कायद्यात लिहिलेल्या घर आणि कोठीची अशी जोडी डिअर पार्क फार्म्सला मातीतून वर आली: एक मोठं गोल घर, त्याला पाठीमागून चिकटलेलं लहान गोल घर. वरून पाहिलं तर आकडा आठ.

राजाच्या वेढ्याची मापंही ग्रंथात आहेत. १४० फूट लांबरुंद आवार, सात फूट जाडीचा मातीचा तट. पण त्या मापांपेक्षा महत्त्वाचं आहे ते तट कुणी घालायचा हे. सरदार आपल्या कुळाला गुरं देई. बदल्यात कूळ दरवर्षी खंड म्हणून मांस, धान्य, लोणी पोचवी आणि अंगमेहनतीची चाकरीही करी. राजाचा तट या कुळांनी वेठीने उभारायचा. कुळांनी घातलेल्या तटाने घेरलेला असतो तो राजा, अशी जवळजवळ व्याख्याच तिथे सापडते. म्हणजे बांध जितके जास्त, तितकी हाताखालची माणसं जास्त. एक बांध शेतकऱ्याचा. दोन किंवा तीन बांध दिसले, की तिथे सरदार किंवा राजा राहिला असावा. कॉर्क काउंटीतला गॅरेन्सचा वेढा तीन बांधांचा आहे. १९३७ मध्ये शॉन ओ रिअर्डन यांनी तो खणला तेव्हा आत ब्राँझच्या आणि मीनाकामाच्या कारागिरांचा कचरा मिळाला, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडेही. एवढ्या दूरवरून या पावसाळी मुलखात मद्याच्या आणि तेलाच्या सुरया येत होत्या.

मग हा बांध संरक्षणाला होता की मिरवायला? दोन्हीला. बेटावर एका वेळी शंभर-दीडशे छोटे राजे नांदत होते आणि शेजाऱ्याची गुरं वळून आणणं हा त्यांचा राजमान्य पराक्रम होता. नवा राजा गादीवर बसला की त्याने पहिली धाड घालून दाखवायची. रात्री येणाऱ्या चोराला, लांडग्याला किंवा दहावीस जणांच्या टोळीला चर आणि बांध थोपवू शकत होते. फौजेला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. खरं संरक्षण कायद्याचं होतं. घराभोवती भाला फेकावा एवढ्या अंतरापर्यंतची जागा मालकाच्या प्रतिष्ठेची हद्द मानली जाई. त्या हद्दीत कुणाला इजा केली तर दंड भरावा लागे. वेढे सहसा डोंगरमाथ्यावर नसतात, उतारावर असतात, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. हाक मारली तर शेजारी धावून यावा, असे.

मधल्या काळात साथी आल्या. ६६४ मध्ये ‘पिवळी साथ’ बेटभर पसरली, इतिवृत्तांत तिची नोंद आहे. त्यानंतरच्या शतकात वेढे बांधण्याचा वेग उलट वाढलेला दिसतो. मेलेल्यांच्या जमिनी उरलेल्यांकडे आल्या, गुरं देऊन कुळं जोडण्याची चढाओढ लागली, असा अंदाज मला पटतो.

७९५ मध्ये व्हायकिंगांच्या नावा प्रथम आल्या. सुरुवातीला त्यांनी मठ लुटले, पुढे माणसं पकडली. ८४१ मध्ये त्यांनी डब्लिनला तळ ठोकला आणि तिथे गुलामांचा मोठा बाजार उभा राहिला. माणसं पकडून विकण्यात आयरिश राजेही मागे नव्हते. याच सुमाराला वेढ्यांच्या पोटात भुयारं दिसू लागतात. दगडांनी बांधून काढलेली, कमरेत वाकून किंवा पोटावर सरपटत जावं लागणारी वाट, मध्येच एखादी अरुंद खिंड, पलीकडे छोटी खोली. शत्रूला डोकं आधी आत घालावं लागे आणि आतल्या माणसाच्या हातात काठी असली तरी पुरे होती. एरवी तिथे लोणी आणि दूध थंड राहत असे. अनेक भुयारांच्या छतांना जुन्या शिळा आडव्या टाकलेल्या सापडल्या आहेत, ज्यांच्या कडांवर ओगम लिपीत पाचव्या-सहाव्या शतकातल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. पूर्वजांच्या स्मरणशिळा काढून लोकांनी मुलाबाळांच्या लपण्याच्या जागेला छत केलं. याला विटंबना म्हणायला माझं मन धजत नाही.

दहाव्या शतकापासून वेढे मागे पडू लागले. व्यापारातून चांदी आली आणि गाईच्या हिशेबाची सद्दी संपली. धान्याला भाव आला. छोट्या राजांना गिळून मोठे राजे मोठे झाले. गोल घरं जाऊन चौकोनी घरं आली. स्वतंत्र बोआरे हळूहळू दुसऱ्याच्या जमिनीवरचा राबता माणूस होऊन बसला. त्या मोठ्या राजांच्या भांडणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. डोनेगल काउंटीत डोंगरमाथ्यावर आयलाखची दगडी गढी आहे, उत्तरेच्या राजांची. १०८८ मध्ये तिथल्या राजाने दक्षिणेतल्या ओ’ब्रायनांचं राजठाणं किंकोरा उद्ध्वस्त केलं. तेरा वर्षांनी, ११०१ मध्ये, मुर्खरताख ओ’ब्रायन फौज घेऊन आला आणि त्याने आयलाख पाडलं. शिध्याच्या प्रत्येक पोत्यामागे एकेक दगड घेऊन लिमरिकला चला, असा हुकूम त्याने सैनिकांना केल्याचं इतिवृत्त सांगतं. सूडाचं वजन पाठीवर वाहून नेलं गेलं. आज तिथे उभा असलेला तट म्हणजे १८७० च्या दशकात डेरीच्या डॉ. वॉल्टर बर्नार्ड यांनी पुन्हा रचून घेतलेले दगड आहेत.

११६९ मध्ये नॉर्मन आले. काही ठिकाणी त्यांनी जुन्या राथावरच माती चढवून आपली टेकाडवजा गढी उभारली. डाउन काउंटीतल्या रॅथमलनला तसे थर सापडले आहेत. पश्चिमेकडे मात्र जुनी वस्ती चालूच राहिली. क्लेअर काउंटीतल्या बरेन या खडकाळ पठारावर काहेरमॅकनॉटन नावाचा दगडी वेढा आहे. सोळाव्या शतकात तिथे ओ’डॅव्होरन घराण्याची कायद्याची पाठशाळा होती. वेढ्याच्या आत बसून विद्यार्थी आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या कायद्याचं पाठांतर करत होते. १६०६ चं त्या घराण्याचं वाटणीपत्र उपलब्ध आहे आणि त्यात वेढ्यातल्या घरांच्या जागा कुणाच्या वाट्याला जातात ते लिहिलं आहे. भाऊबंदकीच्या कागदांनी इतिहास कसा जपला जातो हे मराठी वाचकाला सांगायला नको.

त्यानंतरच्या शतकात सगळंच मोडलं. जमिनी जप्त झाल्या, जुनी घराणी परागंदा झाली, कायदेपंडितांची परंपरा संपली. वेढे कुणी बांधले हे सांगणारं कुणी उरलं नाही. शिकलेले लोक त्यांना ‘डेन लोकांचे किल्ले’ म्हणू लागले. शेतकऱ्यांनी वेगळं उत्तर शोधलं: लिसात ‘ती’ माणसं राहतात. जमिनीखाली राहणारी, संगीताची शौकीन, दुखावली तर सूड घेणारी. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं; आपण रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतो तसंच. लिसाला नांगर लावायचा नाही, त्यावरचं हॉथॉर्नचं झाड तोडायचं नाही, तिथली काटकीही सरपणाला आणायची नाही. १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे ५,००० शाळांमधल्या ५०,००० हून जास्त मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्यात लिसाच्या गोष्टी पानोपानी आहेत: बांध फोडला आणि गुरं मेली, झाड तोडलं आणि हात वाळला.

या भीतीनेच वेढे वाचवले. १८२४ पासून ब्रिटिश सर्वेक्षकांनी बेटाचा मैलाला सहा इंच या प्रमाणाचा नकाशा काढला. त्यात हजारो छोटी वर्तुळं दिसतात, कारण तोपर्यंत ती पुसायला फारसं कुणी धजलेलं नव्हतं. उपाशीपोटी वावर वावर कसणाऱ्या माणसांनीसुद्धा शेताच्या मधोमध ती जागा सोडून दिली होती.

पण भीतीचा हा हिशेब एकतर्फी नाही. चर्चने बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना पवित्र दफनभूमीत जागा नाकारली, तेव्हा आईबापांनी कित्येक ठिकाणी ती बाळं लिसात पुरली. बहुधा रात्री, धर्मगुरूशिवाय, वर नाव नसलेला एखादा दगड ठेवून. हा रिवाज विसाव्या शतकापर्यंत चालला. आणि १८९५ च्या मार्च महिन्यात टिपरेरी काउंटीत ब्रिजेट क्लिअरी नावाची पंचविशीतली शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. ही खरी ब्रिजेट नव्हेच, ‘त्यांनी’ तिला नेऊन हिला ठेवलं आहे, असं म्हणत नवऱ्याने नातेवाइकांदेखत तिचा छळ केला आणि तिला जाळून मारलं. नंतर तो जवळच्या किलनाग्रानाच्या लिसापाशी रात्री जागत बसला. खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल, असं तो सांगत होता. न्यायालयाने त्याला मनुष्यवधाबद्दल सक्तमजुरी दिली. लिसाची भीती सुंदर होती, काव्यमय होती असं लिहिणाऱ्यांनी हे नाव गाळू नये.

वेढ्यांचा खरा संहार विसाव्या शतकात झाला. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेलं, शेती सुधारायला पैसा आला, गावोगाव बुलडोझर आले. हाताने बांध फोडणारा माणूस दहा वेळा विचार करत होता. यंत्राला एक सकाळ पुरत होती. शिकलेल्या तरुण पिढीला भीती राहिली नव्हती आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. कायदा होता, १९३० पासून होता, पण त्याची पकड उशिरा बसली. १९९४ च्या दुरुस्तीनंतर नोंदलेल्या वास्तूजवळ काम करायचं तर मालकाने दोन महिने आधी लेखी कळवणं बंधनकारक झालं. २०१२ मध्ये केरी काउंटीत लिस आणि त्यातलं भुयार नष्ट केल्याबद्दल एका शेतकऱ्याला २५,००० युरो दंड झाला.

सपाट केलेले वेढेही पूर्ण जात नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये पावसाने ओढ दिली, गवत करपलं. बुजलेल्या चरांतली माती खोल, तिच्यात ओल टिकून होती. तेवढ्यापुरतं पीक हिरवं राहिलं आणि पिवळ्या शेतांत हिरवी वर्तुळं उमटली. ड्रोन आणि विमानांतून त्यांची छायाचित्रं घेतली गेली. बांध नाहीसा झाला तरी जमिनीला चर आठवत होता.

नोकरीनिमित्त डब्लिनला, कॉर्कला, लिमरिकला राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगणं. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारक सेवेचा नकाशा इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. आपल्या घराचा पत्ता टाकला तर जवळचा लिस सापडतोच. सकाळी किंवा संध्याकाळी जा. कलत्या उन्हात बांधाची सावली पडते आणि गोल आकार नीट दिसतो. बहुतेक लिस खासगी शेतात आहेत, तेव्हा मालकाला विचारा. दगड उचलू नका, झाडाची फांदी मोडू नका. आणि आत शिरताना फाटक मागे लावून घ्या. तिथे अजूनही गाई चरतात.